विजूचं मॅन्युअल

फोन मीच उचलला. पलीकडून विजूचा भाऊ बोलत होता. "अरुण ना? विजू गेली रे सकाळी," एवढंच तो म्हणाला. मी "हो, हो" म्हणालो, किती वाजता नेणार ते विचारलं, फोन ठेवला आणि समोरच्या कॉम्प्युटर टर्मिनलवर प्रोग्रामची अर्धवट राहिलेली ओळ पूर्ण केली. असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही. ऑपरेशन नीट झालं होतं. हृदयाची झडप बदलली होती, आता घरी सोडणार म्हणून घरच्यांनी खोलीही धुऊन काढली होती... आणि ताप आला, तो उतरलाच नाही. या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असं संपादकांनी सांगितल्यावर मी आधी नाही म्हणालो, कारण लिहिणं हे तिचं खातं होतं, माझं नव्हे.

विजया केळुसकर आमच्याबरोबर प्रोग्रामर होती. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत स्क्रू बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर दोन खोल्यांत आमची कंपनी, मालक साठेसाहेब धरून सहा माणसं. एका खोलीत कॉम्प्युटर आणि एसी, दुसऱ्या खोलीत आम्ही आणि पंखा. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं, देवघरात जातात तसं. विजू कांजूरमार्गहून पवईमार्गे बसने यायची. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं, आणि जीभ दोन्हींकडची. कामावर आली त्या पहिल्याच दिवशी तिने एका प्रोग्रामचं छापील भेंडोळं उलगडलं, बराच वेळ वाचलं आणि खोलीला उद्देशून विचारलं, "हे कोणी लिहिलंय? पार वाट लागलीय." ते मी लिहिलं होतं. तिथून आमची मैत्री सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही.

तिने केलेलं मोठं काम म्हणजे आमची लायब्ररी. ही पुस्तकांची नव्हे. हिशेबाच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये काही कामं पुन्हा पुन्हा येतात. नावं अकारविल्हे लावायची, दोन तारखांमधले दिवस काढायचे, रक्कम अक्षरी लिहायची. दर वेळी नव्याने मांडामांड करण्यापेक्षा असे तुकडे एकदाच नीट तयार करून ठेवायचे आणि हवा तो उचलून आपल्या प्रोग्रामला जोडायचा. अशा तुकड्यांच्या साठ्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. बाहेरच्या देशातून आलेल्या लायब्रऱ्या रक्कम मिलियनमध्ये लिहायच्या. विजूची लाख-कोटीत लिहायची. पण कुठला तुकडा काय करतो, त्याला काय द्यायचं आणि तो काय परत देतो, हे कागदावर नसेल तर सगळी लायब्ररी ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहते. तो कागद म्हणजे मॅन्युअल. आम्हा प्रोग्रामरांना ते लिहायचा कंटाळा. ते काम आमच्याकडे सरळ विजूवर ढकललं गेलं, आणि तिने ते ढकललेलं काम म्हणून केलं नाही.

बोलताना ही बाई उधळी होती. बस पवईला कशी बंद पडली हे सांगायला तिला अख्खी जेवणाची सुट्टी पुरायची नाही. त्यात कंडक्टरच्या मेव्हण्याचं लग्नही येऊन जायचं. पण कागदावर पक्की कंजूष. मॅन्युअल इंग्रजीत होतं, तरी अक्षरी रकमेचं पान मराठीत सांगायचं तर साधारण असं होतं: "रक्कम द्या. अक्षरी रक्कम मिळेल. शून्य दिल्यास 'शून्य' मिळेल. ऋण रकमेसाठी हे वापरू नका. आधी चिन्ह काढा." खाली एक उदाहरण. संपलं. मी एकदा म्हणालो, जरा प्रस्तावना तरी लिही, चार ओळी. ती म्हणाली, "वाचणारा अडलेला असतो रे. अडलेल्या माणसाला कोणी आधी सत्यनारायणाची कथा सांगतं का?"

साठेसाहेबांना मात्र ती वीस-बावीस पानं बघून घाम फुटला. "अगं, गिऱ्हाईक एवढे पैसे मोजतं, त्याच्या हातात हे देऊ? लग्नपत्रिका याहून जाड असते." त्यांना भलीमोठी फाईल हवी होती. दोघांची चांगली जुंपली. शेवटी विजू म्हणाली की एक शब्द वाढवणार नाही, कागद पाहिजे तेवढा जाड घ्या. साठेसाहेबांनी खरंच जाड कागद आणला. तो कागद टाइपरायटरचा रूळ धरेना, आणि आमची टायपिस्ट दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

पान झालं की ते पास की नापास हे ठरवायची तिची एक पद्धत होती. ते पान ती माझ्या हातात द्यायची, मला टर्मिनलसमोर बसवायची, स्वतः तांब्यातलं पाणी तोंडात भरून घ्यायची आणि खिडकीकडे तोंड करून बसायची. मदत करायची नाही, पण तोंड मोकळं राहिलं तर तिला राहवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. माझं अडलं, मी "विजू, इथे काय द्यायचं?" म्हणालो, की ती वळायची, बाहेर जाऊन पाणी थुंकून यायची आणि माझ्या हातातलं पान घेऊन आडवी रेघ मारायची. मी ओशाळून म्हणायचो, माझंच लक्ष नव्हतं. तर म्हणायची, "मग? गिऱ्हाईकाचं पण नसणार. तू ढ आहेस म्हणून मी पास, असं होत नाही ना." दिवसांच्या फरकाचं पान तिने किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. शेवटी वैतागून म्हणाली, "हे सांगताच येत नाहीये. म्हणजे पान नाही, तुकडाच चुकलाय." आणि चांगला चालणारा प्रोग्राम मोडून तिने पुन्हा बांधला. मग त्याचं पान तीन ओळींत झालं. मी तिला वेडी म्हटलं खरं, पण घरी जाऊन विचार करत बसलो.

लहानपणी सांधेताप येऊन तिची झडप खराब झाली होती, हे आम्हाला उशिरा कळलं. जिना चढून आली की ती वर थांबून बोलत राहायची. आम्हाला वाटायचं, हिला गप्पाच फार. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तेव्हाच घाटकोपरच्या एका वाहतूक कंपनीचं मोठं काम आमच्याकडे आलं होतं. सगळी बिलं त्या लायब्ररीवर उभी राहणार होती आणि ती लायब्ररी आतून माहीत असलेलं माणूस एकच. काम फसलं तर साठेसाहेबांसकट आम्ही सहाही जण नवी नोकरी शोधणार, हे उघड होतं. साठेसाहेब म्हणाले, "ही नसली तर... म्हणजे सुट्टीवर असली तर, म्हणतोय मी." विजूने ऐकलं. "नसले तरी अडणार नाही, तेवढं करून जाते," ती म्हणाली आणि मॅन्युअल पहिल्या पानापासून परत काढलं. त्या दिवसांत पाणी भरून बसणं तिला झेपत नव्हतं, धाप लागायची. मग ती मला पान देऊन खाली चहावाल्याकडे जाऊन बसायची. मी जिना उतरून खाली गेलो, की पान नापास. शेवटच्या आठवड्यात मला एकदाही उतरावं लागलं नाही. ती चहा संपवून, हळूहळू चढून, स्वतःच वर यायची आणि माझ्याकडे नुसतं बघायची. मी मान हलवायचो.

ऑपरेशननंतर मी हॉस्पिटलमध्ये गेलो. आवाज खोल गेला होता, पण चेहरा बरा होता. नुसतं बघायला आलो असं म्हणायची आपल्याकडे सवय नसते, म्हणून मी म्हणालो, "नावं लावताना दोन नावं सारखीच आली तर आधी कुठलं येतं गं?" तिने डोळे मिटले. "पान उघडलं होतंस?" आणि तिनेच सांगितलं, "खाली दुसरी ओळ. जे आधी दिलं ते आधी." मग डोळे उघडून म्हणाली, "मला बघायला आलास तर सरळ सांग ना यार. पानाला कशाला बदनाम करतोस?" मी म्हणालो, बरं, बघायला आलो. "मग बस," ती म्हणाली. मी बसलो. नंतर ती नर्सबद्दल जे बोलत सुटली, ते भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत.

तेराव्यानंतर मी कांजूरमार्गला तिच्या घरी गेलो. आईने "बस रे झिला" म्हणत चहा ठेवला. मग म्हणाली, "घर कसा गप झाला." एवढंच. मला तिथे फार वेळ बसवलं नाही.

घाटकोपरचं काम मी एकट्याने उभं केलं. त्यांना मागची बाकी पुढे ओढून, उशीर झालेल्या दिवसांचा आकार लावून बिल हवं होतं. विजूचे चार तुकडे त्यात लागले. प्रत्येकाचं पान उघडलं, लिहिलं होतं ते दिलं, आणि जे मिळेल म्हटलं होतं तेच मिळालं. बिलं पहिल्या फटक्यात बरोबर आली. साठेसाहेब खूश झाले. "बघ, ती नसताना काही अडलं नाही," ते म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. मी पण हो म्हणालो, आणि डबा न उघडताच ठेवून दिला.

त्या दुपारी सगळे खाली चहाला गेले असताना मी मॅन्युअल काढून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, हातात पेन्सिल घेऊन. एखादी ओळ संदिग्ध असेल, एखादा शब्द दोन अर्थांचा असेल, कुठे तरी ती सांगायची विसरली असेल... इतक्या पानांत एवढं तर सापडायला हवं. माझं एकदा तरी अडावं आणि विजूच हवी होती असं वाटावं, यासाठी मी मुद्दाम ढ होऊन वाचत होतो. सगळे परत वर आले तेव्हा मी शेवटच्या पानावर होतो. तिला विचारण्यासारखं काहीच नव्हतं.