उपकारस्तुतीची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत माणूस जाऊन वर्ष झालं की घरी उपकारस्तुती ठेवतात. अंगणात मांडव, भाड्याच्या खुर्च्या, मागे चुलीवर कोंबडी, पुढे पाळकसाहेब. प्रार्थना झाली की घरातलं सगळ्यात जवळचं माणूस उभं राहून साक्ष देतं, की प्रभूने जे केलं ते योग्यच केलं, त्याबद्दल त्याचे आभार. एवढं म्हटलं की लोक आमेन म्हणतात आणि जेवायला बसतात. लहानपणापासून बघत आले मी हे. दुसऱ्यांच्या वेळी मीही आमेन म्हटलं, जेवले, हात धुऊन घरी गेले. माझ्या मुलीचं वर्ष जवळ आलं आणि पाळकसाहेब दारात येऊन म्हणाले, ताई, यंदा तुमची साक्ष. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलगी बारावीला होती. तिला सिकल सेल होता, रक्ताचा आजार. आमच्याकडे हे सांगायला लाजण्यासारखं काही नाही, डोंगराकडच्या गावागावात आहे. आई आणि बाप, दोघांच्या रक्तातून येतो तो. आमचं लग्न झालं तेव्हा रक्त कोण तपासत होतं? मी अंगणवाडी सेविका, नंतर शिकले सगळं. गोळी चुकवायची नाही, पाणी भरपूर प्यायचं, थंडीत भिजायचं नाही, आणि अंग दुखायला लागून ताप चढला की वाट न बघता दवाखाना. दरवेळी असंच केलं आम्ही. सलाइन लागायचं, कधी रक्त चढवायला लागायचं, आणि बया चार दिवसांत परत घरात, तोंड चालू. तोंड माझंच घेतलं होतं तिने.

आधीचे म्हातारे पाळक वेगळे होते. देवाने माणसाला मन दिलंय, हो म्हणायचं आणि नाही म्हणायचंही, असं सांगायचे. तुझ्या गळ्यात दोरी बांधून देव तुला ओढत नाही रे बाबा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते गेले आणि हे आले, बाहेरून शिकून. यांचं म्हणणं, जगाच्या आरंभाच्या आधीच सगळं नेमलेलं आहे. कोण तरणार, कोण नाही, कोण कधी जाणार, सगळं. माणसाची इच्छा म्हणजे आपला एक भास. घरात आम्ही मावची बोलतो, देवाशी बोलतो ते मराठीत, आणि यांचं मराठी तर इतकं पुस्तकी, की अर्ध्या बायकांना कळायचंच नाही. कळत नाही म्हणजे खोल असणार, असं त्या समजायच्या.

माझ्या पोरीला कळायचं. तरुणांच्या सभेत तिने विचारलं होतं, नावं आधीच ठरलेली असतील तर दर रविवारी शेवटी तुम्ही लोकांना, तरायचं असेल तर पुढे या, पुढे या म्हणून का बोलावता? पाळकसाहेब म्हणाले, माती कुंभाराला जाब विचारत नसते. ही म्हणाली, "मी माती नाही, मी बारावीला आहे." पोरं हसली. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला बोलावणं आलं, मुलीला आवरा म्हणून. नवरा मंडळीत पंच आहे. दानाची थाळी तोच फिरवतो. घरी येऊन तो नुसता मान खाली घालून बसला. मला तेव्हाच त्या मानेचा राग आला होता.

आणि हे नेमलेलं प्रकरण बघा कसं असतं. माझ्या पुतणीने मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा ते काही नेमलेलं नव्हतं. तेव्हा ती तिची इच्छा, तिचं पाप, आणि वर्षभर प्रभुभोजनाला बसायचं नाही ही शिक्षा. कुणी दारू प्यायला तर त्याची इच्छा. कुणी मेलं की देवाची योजना. वाईट केलं ते तुम्ही, वाईट झालं ते त्याने! पाळकसाहेबांच्या स्वतःच्या लेकराला ताप आला, तेव्हा तो तापही बहुतेक यादीत नसावा, कारण मोटरसायकलला किक मारून गृहस्थ तडक नंदुरबारला. बायको मागे, लेकरू मध्ये. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मला बरंच वाटलं होतं, की चला, बाप आहे माणूस. मग माझ्या लेकराच्या वेळी काय झालं होतं याला?

तेव्हा मी प्रशिक्षणाला नंदुरबारला होते. हजर राहायलाच लागतं, आणि रात्रीची मुक्कामाला बहिणीकडे होते. सकाळी पोरीचं अंग दुखायला लागलं. नवऱ्याने पाळकसाहेबांना कळवलं, ते मंडळीतल्या चार बायका घेऊन आले आणि उपास-प्रार्थनेचं कडं धरलं.

हे कडं आमच्याच मंडळीचं. आजारी माणूस मधे, भोवती सगळे हात धरून, आणि पाळकांनी आमेन म्हणेपर्यंत कडं मोडायचं नाही. पाणी प्यायला उठायचं नाही, दार कुणी वाजवलं तरी उघडायचं नाही. मोबाइल बंद करून दारातल्या टोपलीत टाकायचे. अर्ध्यात कडं मोडलं तर विश्वास मोडला, असं मानतात. साध्या तापाला, नोकरीच्या परीक्षेला, हरवलेल्या गायीला ठीक आहे ते. बसा की दिवसभर. सिकल सेलच्या पोरीला मधे ठेवून कडं धरायचं नसतं. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं, त्या चारही बायकांना, ज्यांच्या पोरांची वजनं मी दर महिन्याला करते.

रनाळ्याकडचा एक पिकअपवाला आमच्या गावातून मिरची भरून नंदुरबारला नेतो. तो आमच्या मंडळीतला नाही, कुठल्याच मंडळीतला नाही. त्याला रस्त्यावर पोरीचं कण्हणं ऐकू आलं. त्याने मिरचीची पोती बाजूला लावून मागे जागा केली, गाडी आमच्या दाराशी आणली आणि दार वाजवत राहिला. शेवटी नवऱ्याने हात न सोडता आतूनच उत्तर दिलं. मला हे सगळं त्या पिकअपवाल्यानेच सांगितलं, नंतर, बाजारात गाठून. त्याच्याच्याने सांगवत नव्हतं. "मन्ही गाडी चालूच व्हती, बहीण," तो म्हणाला. "तुन्हा नवरानी सांगं, परत जाय."

दुपार कलल्यावर पोरीला श्वास लागला, तेव्हा कडं मोडलं. मग दुसरी गाडी शोधली, मग मला फोन. मी तर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर! प्रशिक्षणातून तशीच धावत गेले, आत जाऊन सांगून ठेवलं, खाट रिकामी करून घेतली, आणि फाटकाशी उभी राहिले. गाडी आली. नवऱ्याच्या मांडीवर तिचं डोकं होतं. मी तिचा हात हातात घेतला आणि मला कळलं, मी अंगणवाडीची बाई आहे, मला कळतं. तरी मी तिला आत नेलंच.

पुरण्याच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, तिचे दिवस तेवढेच नेमलेले होते. आणि माझा नवरा हो म्हणाला.

तिथपासून वर्षभर घरात हाच एक शब्द. नेमलेलं होतं. शेजारी भेटायला आले, नेमलेलं होतं. माझा भाऊ आला, त्याने जरा खोदून विचारलं की उशीर का झाला, तर नेमलेलं होतं. मी भाकरी थापताना नवऱ्याकडे बघायची आणि वाटायचं, याच्या घशाखाली घास कसा उतरतो? उतरायचा. झोपही लागायची. मी जागी. मी त्याला विचारलं, भांडून विचारलं, हात जोडून विचारलं, की गाडी दारात आली होती की नाही? तो म्हणायचा, आता काय उपयोग. मला उपयोग नको होता. मला एवढंच पाहिजे होतं, की त्याने एकदा म्हणावं, मी केलं. माझी पोर कुणाच्या तरी हातून गेली होती. आणि हे सगळे मिळून तो हात आभाळातला ठरवून मोकळे झाले होते. या वर्षात मला दुसरं काही नको होतं.

देवावर माझा विश्वास नाही असं कुणी समजू नका. आहे, म्हणूनच इतकी चीड येते. माझ्या पोरीला मारायचं असं कुणीतरी जगाच्या आधी बसून ठरवलं, आणि तो माझा देव? मी नाही मानत. माझ्या आजोबांच्या काळी भगत दाणे टाकून बघायचा. त्यालाही मी मानत नाही, पण दाणे वाईट पडले तर तो परत टाकायचा.

तर वर्षदिन आला. मांडव भरला. पाळकसाहेबांनी योजनेवर लांबलचक बोलून घेतलं आणि माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले. आभार मानायला नाही उठले, असं आधीच सांगून टाकलं. मग सगळं सांगितलं, मावचीत, म्हणजे एकाही बाईला कळलं नाही असं व्हायला नको. अंगदुखी सुरू झाली तेव्हाच दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं. गाडी दारात आली होती. आमच्यातला नसलेला एक माणूस मिरचीची पोती सरकवून जागा करत होता आणि आपण विश्वासणारे आत हात धरून बसलो होतो. गाडी परत पाठवली ती देवाने नाही, माणसांनी. मला त्या माणसांच्या तोंडून ऐकायचंय.

पाळकसाहेब काही रागावले नाहीत, उलट आवाज आणखी मऊ केला. मला तो मऊपणा ओरबाडून काढावासा वाटला. ते म्हणाले, "ताई, गाडी परत जाणं हीसुद्धा त्याचीच योजना होती."

मी म्हटलं, "मग मी आत्ता बोलतेय तीही त्याचीच योजना. मला खाली का बसवताय?"

त्यांनी गीताचा नंबर सांगितला. बायका पानं उलटू लागल्या. मी उभीच होते, आणि मनात म्हटलं, झालं, आता गाणं म्हणतील आणि जेवतील.

तेव्हा मागून खुर्ची सरकली. नवरा उठला. चार लोकांत तो कधी बोलत नाही, प्रार्थनाही हळूच पुटपुटतो.

"गाडी मी परत पाठवली," तो म्हणाला. "मला लाज वाटली. मी पंच आहे. मी कडं मोडलं तर लोक म्हणतील, याचाच विश्वास कमी आहे. पोरगी माझ्याकडे बघत होती आणि मी लोकांकडे बघत होतो. यात देवाला घालू नका."

पाळकसाहेब काही म्हणायला गेले, पण तो ऐकायला थांबला नाही. मांडवातून बाहेर पडला, घराच्या मागे गेला, आणि भिंतीला टेकून खाली बसला. मंडळी गीत न म्हणताच उठली. कोंबडी शिजली होती म्हणून वाढली, काहींनी खाल्ली. त्या चार बायकांपैकी एक माझ्या गळ्यात पडून रडली, बाकीच्या भांडी घासायला लागल्या. पुढच्या रविवारी थाळी दुसऱ्या कुणीतरी फिरवली.

आता घरात तो शब्द नाही. नवऱ्याला घास उतरत नाही, झोप लागत नाही. पहाटेच शेतात जातो आणि अंधार पडल्यावर येतो. दारात आला की माझ्याकडे बघतो. आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो नसतं, मी त्याला तू म्हणते, वाटेल ते तोंडावर सुनावते. पण तो असा बघतो तेव्हा मी चुलीकडे वळते. तो काही मागत नाही, पण काय मागतोय ते मला कळतं.

वर्षभर मला त्याच्या तोंडून जे पाहिजे होतं ते मी घेतलं. त्या कबुलीनंतर काय येतं, याचा विचार मी केला नव्हता. नेमलेल्या गोष्टीची कुणी माफी मागत नाही आणि कुणाला द्यावीही लागत नाही. नवऱ्याने मी केलं म्हटल्यावर ती द्यायची की नाही, हे माझ्याकडे आलं. देव यात मला काही सांगत नाही, मी विचारून बघितलं. नवरा ताट घेऊन बसतो, मी भाकरी वाढते.

अजून मी त्याला माफ केलेलं नाही.