आमच्या पेठेतलं हिऱ्यांचं काउंटर

सराफाचं काउंटर कितीही पुसा, किस्से साठतातच. धुळीचं एक बरं असतं, फडकं मारलं की जाते. किस्से मात्र सांगावेत तेवढे वाढत जातात!

आमचं दुकान धाराशिवच्या पेठेत. सोन्या-चांदीला गिऱ्हाइकांची कधी कमी नव्हती. गेल्या दसऱ्याच्या आधी मी सोलापुरात हिरे पारखायचा कोर्स केला आणि मालकांच्या, म्हणजे अण्णांच्या, मागे लागून हिऱ्यांचं काउंटर सुरू करायला लावलं. अण्णांचा जीव सोन्यात. ते म्हणाले, "गुढीपाडव्यापस्तोर बघू. न्हाय चाललं तर तिथं पैंजण मांडू, आन् तू बस बिलिंगला."

बिलिंगला बसायचं म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरकडं तोंड करून! मला माणसांशी बोलल्याशिवाय जेवण पचत नाही. पाडव्यापर्यंत हे काउंटर चालवून दाखवायचंच, असा मी चंगच बांधला.

•

पहिलं गिऱ्हाईक तामलवाडीचे एक काका. आल्या आल्याच म्हणाले, "घ्यायचा न्हाय. बघायचाय."

म्हटलं, बघा. ट्रे काढला आणि कोर्समधलं सगळं ओतलं. हिरा जितका पांढरा तितका भारी. आत ठिपके, रेघा जितक्या कमी तितका चांगला. वजन कॅरटमध्ये मोजतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैलू. ते नीट पाडले नसतील तर बाकी सगळं असूनही हिरा निस्तेज दिसतो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे बैल घेतल्यावानीच हाय की! रंग बघायचा, खोड बघायची, अंग बघायचं, आन् शेवटी चाल!"

कोर्समधल्या मॅडमना हे दोन तासांत सांगता आलं नव्हतं.

काका जाता जाता वळून म्हणाले, "दात तेवढे बघायचे ऱ्हायले पोरी!"

•

तुळजापूरचे एक लॉजवाले आहेत. त्यांना अंगठीसाठी हिरा पसंत पडला, पण हिरा लाभतो की नाही हे आधी बघायला हवं. आमच्याकडं त्याची रीत ठरलेली. खडा घरी न्यायचा, उशाखाली ठेवायचा, आणि काय होतं ते बघायचं. अण्णा ओळखीच्या माणसांना नेऊ देतात.

चार दिवसांनी ते आले. माझा जीव टांगणीला. तो काउंटरवरचा सगळ्यात मोठा खडा होता!

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काहीच झालं न्हाय," ते म्हणाले.

माझं तोंड पडलं. मी ट्रे पुढं केला आणि खडा परत घ्यायला हात लांबवला.

"अगं, परत कशाला घ्यायलीस? काहीच झालं न्हाय म्हंजे लई लाभला की! आमच्या लॉजवर रोज काही ना काही व्हतंयच!"

•

सगळेच किस्से असे गोड नसतात. एक रिटायर्ड गुरुजी रुमालाची पुरचुंडी घेऊन आले आणि भर दुकानात उघडली. आत अंगठी, आणि हिऱ्याचे तुकडे. "तुमचा माल खोटा! खरा हिरा घणानं फुटत नसतो, असं आम्ही जन्मभर शिकवलंय. मी हातोडी मारून बघितली."

मला रडावं का हसावं कळेना. लेकीच्या साखरपुड्याची अंगठी होती हो ती! मी समजावलं, "गुरुजी, हिऱ्यावर दुसऱ्या कशाचा ओरखडा उठत नाही, इतका तो कडक. पण वर्मी घाव बसला की फुटतो. कडक तर पापडही असतो!"

गुरुजी खाली बघायला लागले. गुरुजींच्या बायको, काकू, सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शाळेत तरी यांचा कोणता प्रयोग जमला होता?"

अण्णांनी दुसरा खडा पदरमोड करून बसवून दिला. वर गुरुजींना चहा पाजला. मात्र हातोडी घरात कुठं ठेवायची, ते काकूंना बाजूला घेऊन सांगितलं!

•

हिरा दुसऱ्या हिऱ्याला ओरखडतो, मोत्याला तर विचारूच नका. म्हणून प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ पिशवीत ठेवायचा. हे मी एका गिऱ्हाइकाला सांगत होते आणि अण्णाही जोरात मान हलवत होते. "बरोबर हाय. एका डब्यात कोंबले की एकमेकाला घासत्यात. ज्याचं त्याला वेगळं पायजे."

मागून त्यांची सून म्हणाली, "अण्णा, हेच जरा घरी जेवताना सांगा ना!"

त्या दिवशी अण्णा जेवायला उशिरा गेले.

•

आता पाडव्याच्या आधीचा बाजार. दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि तेरच्या शकुंतलामावशी माझ्यासमोर उभ्या. "पोरी, हिरा इझला गं माझा!"

दसऱ्याला लेकानं घेऊन दिलेली अंगठी. हळद, खोबरेल, कणीक, सगळं त्या खड्याच्या खाली जाऊन बसलेलं. मावशी अंगठी घालूनच पुरणसुद्धा वाटायच्या. मी कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकले, अंगठी भिजवली, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं खालून-वरून घासली आणि पुसून हातात दिली. हिरा असा लखलखला म्हणता!

मावशींनी अंगठी उजेडात धरली. चेहरा पांढरा पडला.

"ह्यो माझा न्हाय!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं.

"माझा मळकट व्हता. म्या त्योच आणला व्हता. माझा मला द्या!"

हिरा बदलला! हा एक शब्द पेठेत गेला असता तर काउंटरच काय, दुकानही गेलं असतं. अण्णा गल्ल्यावरून उठून आले. तेवढ्यात मला सुचलं. "मावशी, दसऱ्याला अंगठी घेताना मी तुम्हाला भिंगातून काय दाखवलं होतं?"

"काळा ठिपका. कडंला. मोहरीएवढा."

"मग बघा आहे का."

मावशींना एक डोळा मिटता येईना. शेवटी पदरानं झाकला आणि भिंगाला दुसरा लावला. मी मनात तुळजाभवानीचा धावा सुरू केला.

"हाय!" मावशी ओरडल्या. "हाय की गं! माझाच हाय!" आणि त्यांनी भर दुकानात माझा मुका घेतला. मला रडूच फुटलं.

मागच्या बाया मग "बघू, बघू" करत भिंगावर तुटून पडल्या. एकीला मी मघाशीच एकदम निर्मळ हिरा दाखवला होता. तिनं तो ट्रेमध्ये परत ठेवला. "ह्यो नको. मला ठिपक्याचा दावा. बिनठिपक्याचा आपला म्हून वळखावा कसा?"

"मलाबी ठिपक्याचाच!" दुसरी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ठिपक्याचा एकही खडा उरला नाही. अण्णांनी सगळ्यांसमोर सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"शेठ, माल लई चोख धाडलाय तुमी. परत घ्या, आन् पाडव्याच्या आत जरा खोडीचा धाडून द्या!"