मामांच्या गाडीतला फोन

टेलिफोनला चार चाकं असलीच पाहिजेत, असं मनापासून मानणारे अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच गृहस्थ असतील, ते म्हणजे पेणला राहणारे माझ्या बायकोचे मामा. कंपनीत वायरमन म्हणून शिफ्टा करून निवृत्त झाल्यावर माणसं अंगणात कलमं लावतात. मामांनी मुंबईच्या एका शेटजींची लांबलचक, काळी, जुनी परदेशी मोटार आणली. तीही मोटारीच्या हौसेनं नव्हेच. तिच्या पुढच्या दोन सीटांमध्ये जाडजूड रिसिव्हर होता आणि त्याची लोखंडी पेटी डिकी अडवून बसली होती. मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हा शेटजी या रेडिओफोनवरून धावत्या गाडीतून पेढीशी बोलत. "लोकांचा फोन खिशात मावतो," मामा छाती काढून सांगत, "माझा डिकीतसुद्धा मावत नाय!"

ती पेटी बोलती करायला त्यांना तीन पावसाळे लागले. परवाना काढला, घरावर माडाएवढा खांब उभारला आणि जोडीचा संच ठेवला थेट मामींच्या ओट्याशेजारी. पाहुणा आला की मामा त्याला वडखळच्या नाक्यापर्यंत फिरवून आणायचे आणि तिथून रुबाबात रिसिव्हरचं बटण दाबून विचारायचे, "चहा टाकलास का गो?" पलीकडून मामी सुरू व्हायच्या, "या खोक्याशीच लगीन लावायचं व्हतं तुम्ही!" पाहुण्याला चहाचं उत्तर काही कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी मामींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मामाही गप्प झाले. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर मामींची बोटं चालत नसत. एकदा गाडी पुसता पुसता मामांनी सवयीनं रिसिव्हर उचलला, "ऐकू येतंय का गो?" आणि कानात आवाज आला, खट्. मामींनी डाव्या हातानं घरातलं बटण दाबलं होतं. त्या दिवसापासून एक खट् म्हणजे व्हय, दोन म्हणजे नाय. मामा भाजीलासुद्धा गाडी काढू लागले. "वांगी घेऊ?" खट्, खट्. "मग भेंडी?" खट्.

यंदा त्यांच्या लेकीनं रोह्याला घर बांधलं. वास्तुशांतीला जायचं होतं, पण मामींना प्रवास झेपणारा नव्हता. शेजारच्या वहिनी त्यांच्याजवळ बसल्या आणि मी मामांबरोबर निघालो. नागोठण्याचा पूल मागे पडला, तशी खरखर वाढली आणि फोन मुका झाला. मामांनी गाडी कडेला घेतली.

"परत फिरूया, जावईबापू."

"अहो, लेक वाट बघतेय."

त्यांनी गाडी वळवली, पुलापर्यंत मागे आणली आणि रिसिव्हर उचलला. "याच्यापुढं तू ऐकू येत नाय. जाऊ का गो?"

बराच वेळ नुसती खरखर. मग एक खट्.

"नक्की?"

खट्. या खेपेला जरा जोरात.

रोह्याला मामांनी घर कौतुकानं पाहिलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, पंगतीत जेवले. पण हात धुतल्याबरोबर चावी बाहेर. परतीच्या वाटेवर फोन अजून मुकाच होता, तरी यांचं "येतोय गो, येतोय" चालूच. नागोठण्याजवळ आलो आणि एकदम खटखट सुरू झाली. एक नाही, दोन नाही, वीस-पंचवीस; थांबेचना. मी घाबरलो. "मामा, घरी काही झालं तर नसेल ना?"

मामांनी गाडी थांबवली. रिसिव्हर कानाशी धरून, डोळे मिटून ते ऐकत राहिले. गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"काय नाय," ते हळूच म्हणाले, "भांडतेय. बोलू दे तिला."