चौघांचे वाकडे मॉनिटर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साठत जातात, घरातल्या जुन्या चार्जरसारखे. फेकवत नाहीत, आणि कुठला कशाचा हे काही दिवसांनी आठवत नाही. म्हणून विसरायच्या आत सांगून टाकतो.

आम्ही चौघं. मी परभणीत ज्युनियर कॉलेजला गणित शिकवतो. गजाननची गंगाखेडजवळ उसाची शेती आणि खतांचं दुकान. शिवाप्पांचं मानवतला किराणा दुकान. मोईन लग्नाचे व्हिडिओ काढतो. वयं चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं. चौघांनी एकाच वेळी, एकाच मॉडेलचा, सत्तावीस इंची, मधोमध वाकवलेला गेमिंग मॉनिटर मागवला. फार महागातला नाही, फार स्वस्तातलाही नाही. चार एकदम घेतले तर सूट होती.

गेम खेळण्याचा अनुभव? मोबाइलवरचा लुडो! त्यातही शिवाप्पा हरायचे.

*

घरी मी सांगून ठेवलं होतं, "ऑनलाइन शिकवणीसाठी मॉनिटर घेतलाय."

खोकं आलं. खोक्यावर लालभडक डोळ्यांचा एक राक्षस आणि त्याच्या डोक्यावर वीतभर अक्षरांत 'गेमिंग'. माझी बायको वर्षा शांतपणे खोक्याभोवती एक चक्कर मारून आली.

"ह्याच्यावर गेमिंग लिहिलंय."

"आजकाल सगळ्यावरच लिहितात गं."

"आपल्या मिक्सरवर न्हाई लिहिलं."

मी कात्री शोधायच्या निमित्तानं आत गेलो. परत आलो तर ती खोक्यावरचं बारीक इंग्रजी वाचत होती.

"अहो, इथं लिहिलंय, 'शत्रू तुम्हाला दिसायच्या आधी शत्रूला टिपा.' हे बीजगणिताला का भूमितीला?"

*

बाकी तिघांचे मॉनिटर लागले, गजाननचा काही आला नाही. रोज ग्रुपवर त्याचा मेसेज, "माझा कुठं अडकला रे?"

पाचव्या दिवशी त्यानं ॲपवर नीट बघितलं. तिथं लिहिलं होतं, 'ग्राहकाने माल नाकारला.'

गजानन चिडला. "मी ग्राहक! मी नाकारला न्हाई, मग नाकारला कोणी?"

झालं होतं असं, की पार्सलवाला आला तेव्हा गजानन शेतावर होता. घरी त्याचे वडील, तात्या. हल्ली पार्सल समोर उघडून दाखवतात, तसं त्यानं उघडून दाखवलं. तात्यांनी चष्मा लावला. मॉनिटर डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला, दाराच्या चौकटीला टेकवून बघितला.

"वाकलाय," तात्या म्हणाले.

"बाबा, तो तसाच असतो," पार्सलवाला म्हणाला.

"मला शिकवू नको. आख्खी हयात गेली माझी बाजारात. सरळ आसंल तर आण, न्हाईतर ने माघारी!"

हे कळल्यावर गजानननं डोक्याला हात लावला. "तात्या, वाकड्याचे जास्त पैसे दिलते मी!"

तात्या त्याच्याकडं बघतच राहिले. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "ऐकलं का गं? आन् दुकान ह्याच्या हाती दिलंय आपण!"

*

आता माझी फजिती.

ह्या मॉनिटरची खरी मिजास म्हणजे त्याचा वेग. साध्या मॉनिटरवर चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, आमच्यावर एकशे पासष्ट वेळा. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. मी गणिताचा माणूस, आकडा दिसला की मला थांबवत नाही. स्टाफरूममध्ये फळ्यावर आकृती काढून सांगितलं. ग्रुपवर लिहिलं, "साठ म्हणजे खड्ड्यांचा रस्ता. एकशे पासष्ट म्हणजे नुसतं लोणी!"

कॉलेजच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बघून मी क्लार्कला म्हणालो, "कसं काम करता हो ह्याच्यावर? माझे तर डोळे दुखायलेत."

असे तीन महिने गेले. एका रविवारी मोईन घरी आला. सहज त्यानं माझं सेटिंग उघडलं, आणि खुर्चीत जरा मागं सरकला.

"सर, तुमी खोक्यातली केबल लावली का न्हाई?"

"जुनीच लावली. केबल ती केबल."

"सर, जुन्या केबलवर तुमचा मॉनिटर साठवर चालायलाय. पहिल्या दिवसापासून!"

वर्षा चहा घेऊन दारातच थांबली.

मोईन मोठ्या अदबीनं म्हणाला, "आता डोळे कसे हायेत, सर?"

*

त्यानंतर मी कशावरच मत देणार नव्हतो. पण स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात मला एक पांढरा ठिपका दिसला.

तीळभर. पण एकदा दिसला की दुसरं काही दिसेना. डेड पिक्सेल! म्हणजे पडद्यावरचा एक कण मेला. इंटरनेटवर बघितलं, तर लोकांनी त्यावर अगदी सुतक पाळल्यासारखं लिहिलेलं. मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं, फोटो पाठवा. बारा फोटो पाठवले. ठिपका दिसत नाही म्हणाले. मग मी इंग्रजीत तक्रार लिहिली, तीत 'मानसिक त्रास' आणि 'ग्राहक न्यायालय' हे दोन्ही शब्द घातले. वर्षानं वाचून विचारलं, "मेलंय कोण नक्की?"

शेवटी नांदेडहून एक इंजिनिअर आला. उन्हातान्हात, पाठीवर बॅग. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ठिपका दाखवला.

तो वाकून बघू लागला. मग तर्जनी ओली करून हलकेच ठिपक्यावर फिरवली. ठिपका गेला!

बोट नाकाजवळ नेत तो म्हणाला, "सर, विभूती हाय ही."

तेव्हा मला आठवलं. मॉनिटर लावला त्या दिवशी शिवाप्पा आले होते. ते रोज लिंगपूजा केल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. नव्या वस्तूला बरकत यावी म्हणून त्यांनी खिशातली विभूती काढून मॉनिटरच्या कडेला तीन बोटं ओढली होती. कडेची मीच पुसली होती. एक कण राहिला.

इंजिनिअरला रिपोर्टमध्ये 'बिघाडाचं कारण' लिहायचं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. त्यानं लिहिलं, 'धार्मिक.'

*

खऱ्या केबलनं एकशे पासष्ट हर्ट्झ सुरू झाल्यावर आम्ही खरंच गेम खेळायला लागलो. गजानननंही एव्हाना मॉनिटर पुन्हा मागवला होता. रविवारी दुपारी जेवणं झाली की चौघं ऑनलाइन. बंदुकीचा खेळ. गजानन कुणालाही न मारता गाडी फिरवायचा. शिवाप्पा बंदूक उचलायचे नाहीत, नुसत्या मलमपट्ट्या गोळा करायचे. दुकानदाराचा पिंड, माल साठवायचा! मी झाडामागं उभा राहायचो.

एका रविवारी मी झाडामागं असताना पायात गोळी लागली. आणि हेडफोनमधून आवाज, "सर, नमस्कार! मी वैष्णवी."

वैष्णवी माझी बारावीची विद्यार्थिनी. मूळ चारठाण्याची, गणितात वर्गात पहिली.

"वैष्णवी? तू इथं काय करायलीस?"

"तुमच्यासमोरच हाय, सर. तुमी निळी टोपी घातलीय ना?"

मी पळायला लागलो. दुसरी गोळी गुडघ्यात. तिसरी खांद्यात.

"अगं, मारायचं तर एकदाच मार की!"

"सर, तुमीच सांगितलंय ना," ती म्हणाली, "उत्तर येत असलं तरी सगळ्या पायऱ्या दाखवायच्या!"

*

मोईननं मॉनिटर घेतला होता तो खरं तर धंद्यासाठी. गेम हे निमित्त. त्याचा जुना मॉनिटर दहा वर्षांचा. नवा लावला, आणि त्यावर सहज एक जुनं लग्न उघडलं, तर नवरी निळी! दुसरं लग्न उघडलं, तेही निळं. भटजी निळे, अक्षता निळ्या, जिलेबीसुद्धा निळसर.

जुना मॉनिटर सगळं पिवळं दाखवायचा. ते पिवळं जावं म्हणून हा दर व्हिडिओत निळा रंग वाढवत राहिला.

मोईनचा मला फोन आला. आवाज पार बसलेला. "सर, खुदा कसम, म्या आख्खा जिल्हा निळा करून टाकला."

मी पोट धरून हसलो. मग एकदम हसू थांबलं. नऊ वर्षांपूर्वी आमचं लग्नही मोईननंच शूट केलं होतं.

आता इथं एक सांगितलं पाहिजे. वर्षाचा लग्नातला शालू तिच्या वडिलांनी आणला होता. मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणायचो) एकट्यानं जाऊन, दोन दिवस दुकानं पालथी घालून. वर्षा म्हणायची, तो कैरीसारखा हिरवा होता. मी म्हणायचो, निळा. शालू पुढं तिच्या धाकट्या बहिणीकडं गेला आणि घर बदलताना हरवला. राहिला फक्त व्हिडिओ, आणि व्हिडिओत शालू स्वच्छ निळा. मी नऊ वर्षं हा वाद जिंकत आलो होतो. पाहुण्यांत तर माझं वाक्यच ठरलेलं, "आमचे सासरे हिरवा आणायला गेले आणि निळा घेऊन आले!" लोक हसायचे. मामाही हसायचे. तीन वर्षांपूर्वी मामा गेले. त्यानंतरही मी ते वाक्य एक-दोनदा म्हणालो होतो.

मोईननं आमचा व्हिडिओ नव्यानं दुरुस्त केला आणि पेन ड्राइव्ह घेऊन घरी आला. माझ्याच मॉनिटरवर लावला. वर्षा शेजारी खुर्ची ओढून बसली.

मांडव दिसला. आंब्याची पानं पानांच्या रंगाची, झेंडू झेंडूच्या. मग वर्षा आली.

शालू कैरीसारखा हिरवा होता. कोवळा, पार देठाजवळच्या कैरीचा हिरवा.

पडद्यावर मामा तिच्या मागं उभे होते, तिचा पदर कुठं अडकला होता तो सोडवत होते.

"भाऊ, थांबवा जरा," वर्षा म्हणाली.

मोईननं चित्र थांबवलं.

"कोणता रंग हाय हो?" तिनं मला विचारलं.

"हिरवा," मी म्हणालो.

"माझ्याकडं बघून नका सांगू."

मी खुर्ची पडद्याकडं वळवली. मामांच्या डोक्यावर फेटा, हातात पदराचं टोक. मी हात जोडले.

"मामा, हिरवाच हाय."

मोईननं बटण दाबलं. मामांनी पदर सोडवला, मान वर करून हसले आणि पंगतीकडं निघून गेले.