दुप्पट, वजा बारा

आमच्या सांडोरचे फ्रेडरिक सर गणित शिकवत नसत, माणसाला धरून त्यात बुडवत. निवृत्त झाल्यावर ओट्यावर फळा टांगून ते कॉम्प्युटरच्या मुलांचे क्लास घेत. चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला, मिस्साला, उशिरा येणाऱ्यांची संख्या कोणत्या वेगाने वाढतेय, हे त्यांनी एकदा फादरांना तासभर समजावलं. तेव्हापासून मिस्सा संपली की फादरच आधी पळत.

पण सरांचं लाडकं उदाहरण घरामागे उभं होतं. त्यांची बायको आल्बिना पापडीहून लग्न होऊन आली, ती माहेरच्या वाडीतल्या राजेळी केळीचे बारा मुनवे घेऊन. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू. केळ एकदाच घड देते आणि संपते. मागे पिल्लं ठेवते. आल्बिना प्रत्येकीची दोन पिल्लं राखायची. बाराची चोवीस व्हायची. त्यातली बारा ती जूनअखेर, संत पेत्राच्या सणाला, आळीतल्या बारा घरांना वाटायची. बारा प्रेषितांच्या नावाने. उरायची पुन्हा बारा.

सर फळ्यावर लिहायचे: पुढच्या वर्षीच्या केळी म्हणजे यंदाच्या दुप्पट, वजा बारा.

"याला रिकरन्स रिलेशन म्हणतात," ते मुलांना सांगायचे. "आजच्यावरून उद्याचं कळतं. आल्बिनाने कॉलेज पाहिलं नाही, पण बाग बरोबर त्या आकड्यावर ठेवलीय, जिथे काही वाढत नाही, काही घटत नाही."

आतून आल्बिनाचा आवाज यायचा, "वाढत नाही कसं? स्वतःचं पोट बघा!"

२००१च्या एप्रिलमध्ये आल्बिना गेली. शेवटी एवढंच म्हणाली, "बारा घरं चुकवू नका."

सरांनी चुकवली नाहीत. पण त्या जूनमध्ये त्यांची मुलगी जॉयस विरारहून आली आणि आईच्या केळीला धरून रडली. सरांनी तेरावा मुनवा तिच्या हातात दिला. विरारच्या चौथ्या मजल्यावर, गॅलरीतल्या निळ्या पिंपात, तो दिवाळीपर्यंत जगला.

बागेत उरल्या अकरा. अकराची बावीस, वजा बारा, दहा.

"सर, पुढे आठ, मग चार, मग..." विघ्नेश नावाचा विद्यार्थी फळ्याशी अडखळला. "यंदा दहाच घरांना द्या ना. बावीस वजा दहा, पुन्हा बारा होतील!"

"बारा हा आकडा माझा नाही रे. तिचा आहे. मी कसा बदलू?" सर म्हणाले. "आणि घाबरतोस कशाला? माझी वाडी ओस पडली तरी बारा घरांत तिच्या केळी आहेतच की."

दहा, आठ, चार. गणित चुकलं नाही. २००५च्या सणाला चार केळींचे आठ मुनवे झाले. आठ घरांना मुनवा मिळाला, चार घरांना नमस्कार. वाडी मोकळी झाली.

पुढच्या जूनमध्ये सर आमच्या दारात आले.

"यंदा देत नाही, मागतोय," ते म्हणाले. "एकच मुनवा. गेल्या वर्षी दिलेल्या आठांतली सात घरं फिरून आलो. तुझ्याकडे असेल ना?"

आता आमच्या आळीचं गणित सांगतो. मुनवा दर जूनला घरपोच येई, म्हणून तो कोणी राखतच नसे. घड उतरवायचा, केळी खायची, आणि सणाआधी गड्डा उपटून नव्यासाठी जागा साफ करायची. तीस वर्षं आम्ही हेच केलं होतं. मी तर जास्तच हुशार. यंदा काही येणार नाही म्हणून साफ केलेल्या जागेवर फरशा घालून मारुती उभी केली होती.

मी गाडीकडे बोट दाखवलं.

सरांनी वाकून गाडीखाली पाहिलं.

"हिला पिल्लं होत नाहीत ना?"

मी हसलो. ते हसले नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

"मी माझ्या वाडीचं समीकरण मांडलं," ते हळूच म्हणाले. "तुमचं मांडायचं राहिलं. पापडीला तिच्या माहेरी तर आता चार मजले उभे आहेत."

"सर, मी बाजारातून राजेळीचा मुनवा..."

"आण हो. छान असतो तो. पण तो तिचा नव्हे."

संत पेत्राच्या सणाला मिस्सा सुटली आणि सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आल्बिनाची टोपली हातात घेऊन आळीत आले. टोपली रिकामी होती. प्रत्येक दाराशी थांबत, सणाच्या शुभेच्छा देत, पुढे जात. आमच्या घरी बायकोने त्यांना पाणी दिलं. सर ते उभ्यानेच प्यायले.

मी दारातून मोजत होतो. बाराही घरं झाली. एकही चुकलं नाही.