दादाच्या डब्यातला कापूर

दादा आज पहाटे गेला, आणि मला सकाळपासून हसू येतंय.

रागावू नका. आधी वाचा.

ऐंशीच्या दशकात माझा भाऊ प्रभाकर नागपुरात रिसर्च करत होता. काम असं: भट्टीत कार्बनचे धागे उगवून आणायचे, केसाहून बारीक. तेही सगळे एका दिशेने उभे, ज्वारीच्या ताटांसारखे. म्हणजे त्यांतून करंट सरळ जाईल आणि ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये वापरता येतील.

आज त्यांना नॅनोट्यूब म्हणतात; तेव्हा हा शब्द कुणी ऐकलाही नव्हता.

धागे उगवायचे, पण नुसता गुंता!

त्यात ज्यातून कार्बन मिळायचा, ते लॅबमधलं केमिकल संपलं. नवीन येईना. मग दादाला सुचला कापूर. स्वस्त, आणि गरम केला की लगेच वाफ.

प्रॉब्लेम एकच. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. मायने स्वतःच्या हातांनी देव नदीत सोडले होते. घरात कापूर म्हणजे संपलंच.

म्हणून दादा तो जेवणाच्या डब्यात लपवायचा. पण वास कुठे लपवणार?

"काहून रे, कॉलेजात आरती करून राहिला का?"

"माय वं, प्रयोगाले लागते!"

मायला पटलं नाही. तिने बोलणंच टाकलं. दादाचं जेवणातलं लक्ष उडालं. मला म्हणाला, "मायले नसंल पटत, तर मी रिसर्च सोडतो." आणि तो खरंच सोडणार होता.

शेवटचा उपाय म्हणून तिला लॅबमध्ये नेलं. मीही गेले.

भट्टी थंड झाली. दादाने लोखंडाची भुकटी लावलेली प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि ओरडलाच. एका कोपऱ्यात धागे चक्क सरळ उभे! पहिल्यांदाच!

आनंदाच्या भरात पठ्ठ्याने भट्टीला हात जोडले.

मायसमोर!

"जोडले ना हात! मी म्हणत नव्हती?"

दादाचा चेहरा पडला. माय पुढे झाली, एक डोळा मिटून मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहत राहिली.

"हे तू उगवले?"

"हो."

"देवानं नाही?"

"नाही वं माय. कापूर, लोखंड अन् मी."

मायला हसू फुटलं. थांबेचना.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः किराणा दुकानात कापूर आणायला गेली.

"काय बाई, पुन्हा देवाचं सुरू?" दुकानदाराने विचारलं.

"नाही गा. माहा पोरगा शास्त्रज्ञ होऊन राहिला."

पुडी पदराखाली झाकली नाही. हातात उघडी धरून ती अख्ख्या वस्तीतून चालत आली.

दादा दारात उभा राहून ढसाढसा रडला. मग दोघं एका ताटात जेवले.

सकाळपासून तेच भट्टीला जोडलेले हात आठवून हसतेय. सुखाने जा, दादा. तुझ्या धाकटीचं अखेरचं वंदन.