पेटीपाशी दुसरा माणूस

माझा मेहुणा विषारी साप पाळतो, असं मी कोणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडेच संशयाने बघायचे. जणू हे खूळ आमच्याच घरात शिकवलं जातं. मी उभं आयुष्य बस चालवली. बस चालवायला मला परवाना लागला, आणि तोही दर काही वर्षांनी डोळे तपासून नवा करून घ्यावा लागला. आणि हा पठ्ठ्या तिसऱ्या मजल्यावर, खाली बिऱ्हाड, वर बिऱ्हाड, मधे काचेच्या पेटीत जीवघेणं जनावर ठेवून खुशाल झोपायचा. त्याला विचारणारं कोणी नव्हतं. "उद्या मी सिंह आणून बाल्कनीत बांधला तर चालेल का?" असं मी बायकोला विचारायचो. ती म्हणायची, "बाल्कनीत कपडे वाळत असतात, तेवढे आधी काढा."

मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. पुढे दुकानात माणसं येतात, आरशात बघतात, नाकं मुरडतात. याच्यापर्यंत येतात ते फक्त त्यांचे नंबर. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार सोडून तो काच धरायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा, फ्रेममध्ये बसवायचा आणि पुढे पाठवून द्यायचा. "अर्ध्या गावाला तू दिसायला लावतोस आणि अर्ध्या गावाने तुला पाहिलेलं नाही," असं मी एकदा चेष्टेत म्हणालो. तो म्हणाला, "खरं आहे, भावजी." त्याची चेष्टा करायची काही सोयच नव्हती.

लग्न झालं नाही. का झालं नाही याला तसं कारण नाही. कोणी मनावर घेतलं नाही, आणि त्याने तर नाहीच नाही. दोन खोल्या आणि एक खुर्ची एवढा त्याचा संसार. आम्ही गेलो की स्वयंपाकघरातून एक स्टूल यायचं आणि तो स्वतः भिंतीला टेकून उभा राहायचा.

सापही त्याने हौसेने आणला नव्हता. दुकानातला एक सोबती परदेशी नोकरीला निघाला, "आठवडाभर सांभाळ, मी सोय लावतो" म्हणाला आणि पेटी ठेवून गेला. सोय लावली ती त्याने स्वतःची. साप वाळवंटातला होता, डोळ्यांवर शिंगांसारखे दोन टोकदार खवले. हे मला नुसतं ऐकून माहीत, कारण त्याने दाखवल्याशिवाय मला तिथे कधी वाळूपलीकडे काही दिसलंच नाही. तो दिवसभर वाळूत पुरून घ्यायचा. "अरे, तुला गंडवलंय, ही नुसती वाळू आहे," मी म्हणायचो. मग मेहुणा बोटाने जागा दाखवायचा. आणि तिथे खरंच दोन डोळे असायचे, आपल्यावरच रोखलेले.

कामावरून आला की तो त्या एकुलत्या खुर्चीवर पेटीसमोर बसायचा.

"काय बघतोस रे एवढं?"

"काही नाही. तो आहे, मी आहे."

मी स्टूल आणखी मागे सरकवायचो.

दर पंधरवड्याला सापाला मेलेला उंदीर द्यायचा असे, लांब चिमट्याने. त्या दिवशी माझी बायको हटकून त्याच्याकडे जायची आणि दाराच्या चौकटीत उभी राहायची. भीतीने अर्धमेली व्हायची, पण जायची. "मी असले की तो सावकाश करतो," म्हणायची. गेल्या वर्षी ती वारली. त्यानंतर तो पेटी उघडायचा तेव्हा दारात कोणी नसायचं. मी जात नव्हतो. त्या जनावराचं मला तोंड बघायचं नव्हतं, आणि खरं म्हणजे ती नसताना आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला काहीच उरलं नव्हतं. तो महिन्याकाठी एखाद्या सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचा, चहा घ्यायचा, तिच्या फोटोकडे बघायचा आणि "येतो, भावजी" म्हणून जायचा. दार लावल्यावर मला घर आणखी मोठं वाटायचं.

मग कायदा आला. दुसऱ्या एका शहरात एकटा राहणारा माणूस आपलाच साप चावून मेला. वास सुटला तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं. पेट्या तीन उघड्या आणि साप सापडले दोनच. तिसऱ्याने खालच्या मजल्यावरच्या एका बाईला गाठलं. ती वाचली, पण तिचा हात कायमचा अधू झाला. वर्तमानपत्रांनी बोंब मारली आणि नियम झाला: विषारी साप ठेवायचा तर परवाना हवा आणि पेटी एकट्याने उघडायची नाही. शिकून तयार झालेला दुसरा माणूस खोलीत हवा, त्याची परीक्षा होणार. असा माणूस नसेल तर साप सरकारी केंद्रात जमा. बातमी वाचून मी टेबलावर हात आपटला. "हेच मी इतकी वर्षं कंठशोष करून सांगत होतो!" ऐकायला घरात कोणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात मेहुणा आला. त्या दिवशी फोटोकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"दुकानाच्या मालकांना विचारलं," तो म्हणाला. "त्यांना वेळ नाही. खालच्या मजल्यावर विचारलं, तर त्यांना साप आहे हेच माहीत नव्हतं. आता ते जिन्यात भेटले की भिंतीला चिकटून जातात."

"आणखी कोणाला विचारलंस?"

"आणखी कोण आहे?"

मी म्हणालो, "हे बघ, मी कायद्याच्या बाजूचा माणूस. असली जनावरं घरात नकोतच, या मताचा. त्यापेक्षा एखादा बिनविषारी आण, परवान्याची कटकट नाही."

"मग हा कुठे जाईल?" त्याने विचारलं. "तुम्ही नियम पाळता, भावजी. म्हणून तुम्हाला विचारतोय."

मला नाही म्हणता येईना. तिचाच भाऊ तो, आणि हट्टही तिच्यासारखाच, आवाज न चढवता केलेला.

सरकारी केंद्रात वर्ग झाले. तिथल्या शिकवणाऱ्याने एकच गोष्ट आमच्या डोक्यात ठोकली: समोरचा माणूस साप चावून पडला तरी आधी झाकण, मग कुलूप. त्यानंतर माणूस. त्यानंतर फोन. पेटी उघडी ठेवून माणसाकडे धावलात तर तुम्हीही पडाल, आणि दोघांना उचलायला येणारेही पडतील. मला हे तंतोतंत पटलं. बसमधून उतरायचं तर आधी हँडब्रेक, मग खाली रस्त्यावरचा आरडाओरडा. मी मेहुण्याच्या घरी संध्याकाळी सरावाला जायला लागलो. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या, रिकाम्या पेटीवर झाकण, कुलूप, झाकण, कुलूप. तो बघायचा आणि मान डोलवायचा. एकदा गेलो तर खोलीत दुसरी खुर्ची होती. मी तिच्यावर बसलो. सराव झाल्यावर आम्ही दोघं वाळूकडे बघत बसलो, आणि मला पहिल्यांदाच त्याने न दाखवता ते डोळे सापडले. मी लहान पोरासारखा ओरडलो, "तो बघ!" मेहुणा हसला. त्याचे दात इतके वेडेवाकडे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

परीक्षेला परवाना अधिकारी बाई घरी आल्या. खरा साप कुलूपबंद डब्यात घालून आतल्या खोलीत ठेवला. पेटीत रबरी साप टाकला, झाकण उघडलं. मेहुणा चिमटा घेऊन उभा, मी त्याच्या मागे. बाईंनी मान हलवली की त्याने पडायचं, हे ठरलेलं. मलाही ठाऊक होतं.

त्याला नाटक कुठून येणार? तो खरोखरच पडला. चष्मा एकीकडे, चिमटा दुसरीकडे आणि फरशीवर अंग आपटल्याचा तो धप्प आवाज. माणूस पडल्याचा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, गेल्या वर्षी ती आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पडली तेव्हा. मला पुढचं काही आठवत नाही. मी भानावर आलो तेव्हा मी जमिनीवर होतो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी "अरे डोळे उघड, डोळे उघड" म्हणत त्याचे गाल थोपटत होतो. तो डोळे उघडे ठेवूनच माझ्याकडे बघत होता.

"पेटी उघडी आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही. "आजोबा, साप खरा असता तर आता इथे दोन माणसं गेली असती आणि तो जिन्यात असता."

मी त्यांच्या जागी असतो तर मीही नापासच केलं असतं.

दोन माणसं येऊन साप घेऊन गेली. मेहुण्याने त्यांना सांगितलं की वाळू दमट होऊ देऊ नका, आणि तो जिन्याच्या कठड्यावरून ते खाली जाईपर्यंत वाकून बघत राहिला. मला इतकी शरम वाटली की मी चप्पल शोधायच्या निमित्ताने आत गेलो.

परीक्षा पुन्हा देता येत होती. तोवर साप केंद्रात सांभाळणार होते. मी घरी ट्रंक उघडून सराव सुरू केला. मेहुणा पडलाय असं समजायचं आणि तिकडे न बघता झाकण लावायचं. सुरुवातीला नजर जायचीच. मग जाईनाशी झाली. हात आपोआप झाकणावर जायला लागला तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. तो रिकाम्या पेटीसमोर बसला होता.

"चल, अर्ज कर," मी म्हणालो. "या खेपेला चुकणार नाही. आपला साप घरी आणू."

"नको, भावजी."

"का रे? मी पक्कं शिकलोय."

"म्हणूनच नको," तो म्हणाला. "गेल्या खेपेला तुम्ही आधी माझ्याकडे धावलात. या खेपेला तुम्ही आधी पेटी बंद कराल."

खरंच होतं ते. मी आधी पेटीच बंद केली असती.